पुण्यात पहिली नोकरी: आधी पट्टा, मग खोली, मग कंपनी

जून-जुलैत निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. गावाकडचा कुणाचा तरी चुलतभाऊ, कुणाचा भाचा. "दादा, पुण्यात कुठंतरी चिकटवा की." मी आधी एकच विचारतो, पुण्यात म्हणजे कुठं? त्यावर पलीकडून काही उत्तर येत नाही. मलाही ते सांगता आलं नसतं. माजलगावहून रात्रीच्या एसटीने शिवाजीनगरला उतरलो तेव्हा गाववाल्याची खोली कात्रजला होती म्हणून मी कात्रजला राहिलो आणि काम मिळालं चाकणला. शहराचं एक टोक ते दुसरं टोक. फर्स्ट शिफ्टसाठी पहाटे साडेचारला घर सोडायचो, संध्याकाळी परत येईपर्यंत डबा खायचंही त्राण नसायचं. दोन महिन्यांत काम सोडलं. काम वाईट नव्हतं, मी राहायला चुकीच्या ठिकाणी होतो.

म्हणून नव्याने येणाऱ्याला मी कंपनीच्या नावापासून सुरुवात करू देत नाही. पुणे हा एक बाजार नाही. इथे चार-पाच वेगवेगळे पट्टे आहेत, आणि एका पट्ट्यातल्या माणसाला दुसऱ्या पट्ट्यात काय चाललंय याचा पत्ता नसतो.

पहिलं काम: आपला पट्टा ओळखा

जुना मुंबई रस्ता धरला की दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, निगडी. इथली कारखानदारी जुनी. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि पुढे टाटा, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या शेकडो लहान वर्कशॉपनी पिंपरी-चिंचवड आणि भोसरीचा परिसर भरून गेला. भोसरीच्या गल्ल्यांमध्ये आजही दहा-पंधरा माणसांची वर्कशॉप आहेत. पगार कमी, पण हात बसतो तो इथेच. मोठ्या कंपनीत तुम्ही वर्षभर एकच बटण दाबाल. भोसरीत सहा महिन्यांत लेथ, ड्रिल, मिलिंग सगळ्यावर हात फिरतो. आयटीआय करून नुकताच बाहेर पडलेल्या पोराने पहिलं वर्ष इथे काढावं, असं माझं ठाम मत आहे.

भोसरीतून नाशिक रस्त्याने पुढे गेलं की मोशी, कुरुळी आणि मग चाकण. महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज, बजाज हे इथले मोठे, आणि त्यांच्या भोवती महाळुंगे, खालुंब्रे, निघोजे या गावांत पसरलेले पुरवठादार. चाकणहून तळेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोदामंच गोदामं दिसतील. तळेगावात जनरल मोटर्सची बंद पडलेली कंपनी ह्युंदाईने घेतली, त्यामुळे तिकडेही हालचाल वाढली आहे.

नगर रस्त्यावर वाघोली, सणसवाडी, शिक्रापूर आणि पुढे रांजणगाव. रांजणगाव म्हणजे फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही: एलजी, व्हर्लपूल, हायर. असेंब्ली लाइनवर मुलींना घेणाऱ्या कंपन्या या बाजूला बऱ्याच आहेत. सोलापूर रस्त्याला हडपसर-मांजरीकडे १९६६ सालची सीरम इन्स्टिट्यूट आणि पुढे कुरकुंभला केमिकल. बीएस्सी, एमएस्सी, बी. फार्म झालेल्यांनी आधी हा रस्ता बघावा.

आयटीचे पट्टे निराळे. पश्चिमेला हिंजवडीचे तीन फेज, जवळच बाणेर-बालेवाडी, उत्तरेला तळवडे. पूर्वेला खराडी, विमाननगर, येरवडा, मगरपट्टा. मगरपट्ट्यापाशी मी नव्या पोरांना मुद्दाम थांबवतो. तिथल्या शेतकरी कुटुंबांनी जमीन बिल्डरला विकून मोकळं होण्याऐवजी एकत्र केली आणि स्वतः मालक राहून हे नगर उभं केलं. आमच्याकडच्या जमिनी जाणाऱ्या लोकांनी ते बघून यावं.

आता तुमचं शिक्षण या नकाशावर ठेवा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, मेकॅनिकल डिप्लोमा: भोसरी, चाकण. इलेक्ट्रिशियन, इलेक्ट्रॉनिक्स: चाकण, रांजणगाव. बी.कॉम.: खराडी, मगरपट्टा. कॉम्प्युटर: हिंजवडी, खराडी. नुसती बारावी असेल तर गोदामं आणि असेंब्ली लाइन, पण त्यासोबत शिकण्याची काहीतरी सोय हवी. त्याबद्दल पुढे.

खोली

पट्टा ठरला की त्याच पट्ट्यात राहा. सुरुवातीला कॉट बेसिसवर राहा, म्हणजे एका खोलीत तीन-चार जण, प्रत्येकाचं भाडं खाटेपुरतं. काम पक्कं होईपर्यंत अकरा महिन्यांचा करार आणि मोठं डिपॉझिट यात पैसे अडकवू नका. मेट्रो पिंपरी-चिंचवड महापालिकेपासून स्वारगेटपर्यंत आणि वनाजपासून रामवाडीपर्यंत धावते, पण ती चाकणला जात नाही. लोणावळा लोकल मात्र स्वस्त आहे आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड, तळेगाव सगळं जोडते. त्या मार्गावर काम असेल तर स्टेशनजवळची खोली सोन्यासारखी. मोठ्या कंपन्यांच्या बस ठरलेल्या थांब्यांवरून सुटतात. खोली घेण्याआधी थांबा कुठे आहे ते विचारा.

आणि घरून निघताना किमान दोन महिन्यांचा खर्च घेऊन या. पगार पुढच्या महिन्याच्या ७ ते १० तारखेला होतो. महिन्याच्या सुरुवातीला कामाला लागलात तरी पहिला पगार हातात पडेपर्यंत महिना उलटून जातो, आणि आधी पंधरा दिवस काम शोधण्यात जातातच. माझ्या बघण्यात जे गावी परत गेले, त्यातले बरेच या मधल्या दिवसांतच गेले.

कागद गावीच नीट करा

हे काम कंटाळवाणं वाटेल, पण सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी. मार्कशीटवर वडिलांचं नाव पूर्ण, आधारवर नुसतं आद्याक्षर. जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. कंपनी तुमचा पीएफ आधारवरून उघडते. नाव जुळलं नाही की खातं अडतं, आणि काम सोडल्यावर पैसे काढायला गेलात की अर्ज नामंजूर होऊन परत येतो. आधार, पॅन, बँक पासबुक आणि मार्कशीट या चारही ठिकाणी नाव आणि तारीख एकसारखी करून मगच एसटीत बसा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू असू द्या, कारण प्रत्येक ठिकाणी ओटीपी लागतो.

प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये दहा पासपोर्ट फोटो आणि प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स ठेवा. मूळ कागद दाखवायचा आणि परत घ्यायचा. मूळ मार्कशीट ठेवून घेणारा ठेकेदार असो की आयटी कंपनी, तिथे थांबू नका. काही कंपन्या पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात, त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो.

कारखान्यात कसं शिरायचं

चाकण-भोसरीत बहुतेकांची सुरुवात ठेकेदाराकडून होते. सकाळी सात-साडेसातला गेटवर फाइल घेऊन उभं राहायचं, सुपरवायझर येतो, चार प्रश्न विचारतो. भोसरी-पिंपरीकडच्या बऱ्याच कंपन्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. गुरुवारी फिरलात तर बंद गेटं बघून परत याल.

क्वालिटी किंवा मशीनवरची जागा असेल तर हातात व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) आणि एक बुश (पोकळ गोल भाग) देतात. "वाच." इथे निम्मी पोरं गडबडतात, कारण आयटीआयच्या परीक्षेत ते पाठ केलेलं असतं, हाताने वाचलेलं नसतं. माझ्या वेळी असं झालं: मुख्य पट्टीवर २४ च्या थोडं पुढे शून्य, आणि सरकत्या पट्टीची अठरावी रेघ वरच्या रेघेला बरोबर जुळलेली. लीस्ट काउंट, म्हणजे व्हर्नियरवर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२. म्हणजे अठरा गुणिले ०.०२, ०.३६. माप २४.३६ मिलिमीटर. मी उत्तर दिलं, तर त्याने ड्रॉइंग पुढे सरकवलं. त्यावर लिहिलं होतं २४.४०, अधिक-उणे ०.०५. "पास का रिजेक्ट?" खालची हद्द २४.३५, म्हणून पास, पण अगदी काठावर. मी म्हणालो, "पास आहे साहेब, पण पुढचा पीस लगेच तपासायला पाहिजे, माप खाली चाललंय." मला घेतलं ते या दुसऱ्या वाक्यामुळे. व्हर्नियर, मायक्रोमीटर, साधं ड्रॉइंग आणि टॉलरन्स (मापात चालणारा कमी-जास्तपणा) एवढं खरोखर येत असेल, तर चाकणमध्ये तुम्ही हेल्पर म्हणून फार दिवस राहत नाही.

"हो" म्हणण्याआधी ठेकेदाराला पाच गोष्टी विचारा: मूळ कंपनी कोणती, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) कापणार का, पगार बँकेत येणार का, ओव्हरटाइम डबलने का सिंगलने, कँटीन आणि बसचे पैसे कापणार का. कायद्याने कारखान्यातला ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. म्हणून कंपनीचं नाव असलेल्या गेटपासचा फोटो पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये काढून ठेवा.

"अठरा हजार पगार" ऐकून गावी फोन लावण्याआधी हा हिशोब बघा. ग्रॉस, म्हणजे कापाकापीआधीचा पगार, १८,०००. समजा त्यात बेसिक आणि महागाई भत्ता मिळून १३,०००. त्यावर १२ टक्के पीएफ, १,५६०. ईएसआय ग्रॉसवर ०.७५ टक्के, १३५. प्रोफेशनल टॅक्स २००, फेब्रुवारीत ३००. महिलांना २५,००० पर्यंत हा टॅक्स नाही. हातात आले १६,१०५, आणि कँटीन-बस अजून कापायचं आहे. ऑफिसच्या नोकरीत सीटीसी, म्हणजे तुमच्यावर होणारा कंपनीचा एकूण खर्च, सांगतात, त्यात कंपनीने भरायचा पीएफसुद्धा मोजलेला असतो, त्यामुळे तिथे फरक याहून मोठा पडतो. पण हे कापलेले पैसे वाया जात नाहीत, हे मी पोटतिडकीने सांगतो. "पीएफ नको, रोख द्या" म्हणणारी पोरं बघितली की जीव तुटतो. पीएफमध्ये कंपनीही तेवढीच भर घालते. ईएसआय कार्डावर चिंचवडच्या मोहननगरला किंवा बिबवेवाडीला दवाखाना मिळतो, आणि ठरावीक महिने वर्गणी भरलेली असेल तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कमही मिळते. मशीनमध्ये बोट गेलं तेव्हा माझ्या शेजारच्या खाटेवरच्या पोराकडे कार्ड होतं. त्याच वर्कशॉपमधल्या दुसऱ्याकडे नव्हतं. त्याच्या वडिलांनी बैल विकले.

अप्रेंटिस का ट्रेनी?

हे दोन शब्द इथे एकमेकांच्या जागी वापरतात, आणि पोरं फसतात. खरी अप्रेंटिसशिप १९६१ च्या कायद्याखाली, सरकारी पोर्टलवर नोंदलेली असते, करारनामा होतो, स्टायपेंड मिळतो आणि शेवटी परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळतं. त्यात पीएफ नसतो, ते मान्य. पण मोठ्या कंपनीच्या नावाचं ते प्रमाणपत्र पुढे दहा वर्षं उपयोगी पडतं. नुसता "ट्रेनी" म्हणजे बऱ्याचदा कमी पगाराचा कामगार. फरक ओळखायला एकच प्रश्न: करार पोर्टलवर नोंदवणार का आणि त्याचा नंबर मिळणार का? राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आणली, पण ती ठरावीक महिन्यांची आहे, तिच्याकडे कायमच्या नोकरीच्या नजरेने बघू नका.

बारावी करून थेट गोदामात लागलेल्यांनो, काही कंपन्या कामासोबत डिप्लोमा करवून घेतात. शिफ्ट सांभाळून तो करा. स्कॅनर हातात घेऊन माल मोजणारा आणि गोदामाचं सॉफ्टवेअर चालवून स्टॉक जुळवणारा, यांच्या पगारात दोन वर्षांत मोठी दरी पडते.

वाढतंय काय

गाड्या इलेक्ट्रिक होतायत हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचा अर्थ शॉप फ्लोअरवर असा: इंजिन आणि गिअरबॉक्सचे सुटे भाग कमी, वायरिंग हार्नेस, बॅटरी पॅक, मोटर आणि कंट्रोलर जास्त. इलेक्ट्रिशियन आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचे दिवस येतायत. टर्नर-मशिनिस्टने घाबरायचं कारण नाही, पण नुसत्या हाताच्या लेथवर थांबू नये. सीएनसी, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आणि जमलं तर सीएमएम या माप घ्यायच्या मशीनवर मोजणी शिकावी.

दुसरी मोठी वाढ परदेशी बँका आणि कंपन्या स्वतःची ऑफिसं इथे थाटतात, त्यांची. खराडी, येरवडा, बाणेर बाजूला ती दिसतात. तिथे अनुभवी माणसं जास्त घेतात, फ्रेशर बहुतेक इंटर्नशिपमधून आत जातो. बी.कॉम. झालेल्याला हिशोब, केवायसी, इनव्हॉइसच्या कामात वाव आहे. एक्सेल खरोखर आलं पाहिजे, आणि फोनवर इंग्रजीत दोन मिनिटं न अडखळता बोलता आलं पाहिजे. व्याकरण चुकलं तर चालतं, गप्प बसलेलं चालत नाही.

आयटीच्या फ्रेशरने एक लक्षात ठेवावं. "शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणणारे क्लास बरेच आहेत, आणि त्यातले काही खोटं अनुभव-पत्रही मिळवून देतात. ते घेऊ नका. कंपन्या पार्श्वभूमी तपासतात, तुमच्या यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरावर) त्या काळात पीएफ जमाच नसेल तर खोटेपणा तिथेच उघडा पडतो, आणि लागलेली नोकरी जाते.

आणि एक रस्ता, जो गावाकडे कुणी सांगत नाही: भाषा. पुण्यात जर्मन आणि जपानी कंपन्यांचं काम मोठं आहे, आणि जपानी शिकवणारी पुण्यासारखी जुनी परंपरा असलेली शहरं देशात कमीच. विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहे, जर्मनसाठी मॅक्स म्युलर भवन आहे. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड. एन-५ वर नोकरी मिळत नाही हे स्पष्ट सांगतो. एन-३ पासून दारं किलकिली होतात, एन-२ ला उघडतात. त्याला दोन-तीन वर्षं द्यावी लागतात. पण इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर आणि सोबत एन-२, असा माणूस कंपन्या शोधत असतात. मराठी माणसाला जपानीची वाक्यरचना इंग्रजीपेक्षा जवळची वाटते, क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं.

पैसे मागितले की उठा

माझी पहिली महिन्याची कमाई होण्याआधीच साडेतीन हजार गेले. एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर कन्सल्टन्सी, टेबलाला काच, भिंतीवर मोठ्या कंपन्यांचे लोगो. "रजिस्ट्रेशन, युनिफॉर्म आणि मेडिकल" म्हणून पैसे घेतले आणि शिक्का मारलेलं पत्र दिलं. ते घेऊन चाकणच्या गेटवर गेलो. सिक्युरिटीच्या काकांनी पत्र वाचलंही नाही. खण उघडून तशाच पत्रांचा गठ्ठा दाखवला आणि म्हणाले, "बाळा, हे बारावं या आठवड्यातलं." पाणी दिलं, आणि शेजारच्या कंपनीत ठेकेदाराचा माणूस साडेसातला येतो हेही सांगितलं. माझी पहिली नोकरी त्या काकांमुळे लागली.

नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. रजिस्ट्रेशन, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, व्हॉट्सॲपवर आलेलं ऑफर लेटर, यातलं काहीही निघालं की उठायचं. कंपनीच्या वेबसाइटवरच्या पत्त्यावर जाऊन किंवा तिथल्या नंबरवर फोन करून खात्री करायची.

लागल्यानंतरचे पहिले तीन महिने

नेमणुकीचं पत्र मागा. दर महिन्याची पगार स्लिप जपून ठेवा. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी यूएएनने पीएफचं पासबुक उघडून बघा. स्लिपवर कापलेलं दिसतं आणि पासबुकात जमा नाही, असं असेल तर आधी ठेकेदाराला, मग मूळ कंपनीच्या एचआरला, मग पीएफच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर, याच क्रमाने जा, आणि एकटे जाऊ नका. तुमच्यासोबत आणखी दहा जणांचं तेच झालेलं असतं.

काम बदलताना नवा यूएएन उघडू देऊ नका, जुनाच नंबर द्या. जुन्या ठेकेदाराने काम सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकली नसेल तर शेवटची वर्गणी जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःला टाकता येते. त्यासाठी आधारला जोडलेला तोच मोबाइल नंबर लागतो, म्हणून ऑफर बघून सिम बदलत बसू नका.